मायला पाजलेलं पाणी

पाणी किती प्यावं यावर कोणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, बसमध्ये, कुठंही. समोरचा भल्यासाठीच सांगतोय हे कळतं मला. मीही भल्यासाठीच सांगत होतो. म्हणून तर जास्त चीड येते.

मी हिंगोलीत एका कचेरीत कारकून आहे. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, घर मेंढरांचं. वडील गेले, मेंढरं विकली, धाकटा भाऊ शेतीला लागला आणि माय माझ्याकडे हिंगोलीला राहायला आली. तेव्हा ती सत्तरीच्या आसपास असेल. नक्की वय तिलाही माहीत नाही. हातपाय धडधाकट होते. चार-पाच वर्षांपासून बीपीची एक गोळी तेवढी चालू होती, रोज सकाळी. त्या गोळीनं लघवीला जास्त जावं लागायचं, म्हणून माय तिला ‘मुताची गोळी’ म्हणायची आणि माझी बायको तोंडाला पदर लावून हसायची.

माय पाणी कमी प्यायची. निदान मला तसं वाटायचं. तिचा पितळी तांब्या उशाशी असायचा, तो दिवसात दोनदा, फार तर तीनदा भरायचा. जन्मभर मेंढरांमागं उन्हात हिंडलेली बाई. तहान लागली की ओढ्याला, हापशाला वाकून पोटभर पाणी प्यायचं आणि चालू लागायचं, हीच तिची सवय.

माझं मात्र वेगळं झालं होतं. माय यायच्या दोन वर्षं आधी, ऐन मे महिन्यात मला मुतखडा झाला. कमरेत कळ आली की मी फरशीवर गडाबडा लोळायचो. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी वाढवा. मी वाढवलं आणि खडा पडला. तेव्हापासून पाणी म्हणजे औषध, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं. माझ्यापुरतं ते खरंही होतं. ते सगळ्यांना लागू आहे असं मी धरून चाललो, ही माझी पहिली चूक.

त्यात मला सर भेटले. सकाळी मैदानावर फिरायला येणारा आमचा पंधरा-वीस जणांचा एक गट होता. सर म्हणजे निवृत्त शिक्षक, या गटाचे पुढारी. फेऱ्या झाल्या की सगळ्यांना गोल बसवायचे आणि आरोग्यावर बोलायचे. आवाज खणखणीत. “रोज चार लिटर! उठल्याबरोबर तोंड न धुता सव्वा लिटर! मीठ म्हणजे पांढरं विष!” असं ठणकावून सांगायचे की समोरच्याला शंका विचारायचीच लाज वाटावी. सरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. पण हे मला तेव्हा आठवलं नाही. आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखी मान हलवायचो.

माय आल्यावर महिनाभरानं तिला बद्धकोष्ठाचा त्रास सुरू झाला. कधीमधी उठताना चक्कर यायची. मी सरांना विचारलं. म्हणजे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला न विचारता भूगोलाच्या मास्तरांना विचारलं. सर म्हणाले, “म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत हो. सगळ्या दुखण्यांचं मूळ तिथंच आहे. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच लक्ष घाला.”

मी लक्ष घातलं. एक-एक लिटरच्या चार बाटल्या आणल्या, त्यांवर मार्करनं वेळा लिहिल्या आणि मायच्या खाटेजवळच्या फळीवर ओळीनं मांडल्या. आठ, अकरा, दोन, पाच. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. आम्ही प्यायला जार विकत घेत होतो, तो आता दोन दिवसांतच संपायला लागला. भाजीतलं मीठ अर्ध्यावर आणलं. मायनं गावाहून आणलेली लोणच्याची बरणी मी स्वतः कपाटात वर ठेवून दिली.

पहिल्या दिवशी माय बाटल्यांकडे बघत म्हणाली, “हे कोणासाठी?”

“तुझ्यासाठी. दिवसभरात संपवायच्या.”

“तहान न्हाई तर काहून पिऊ?”

“शरीराला लागतं, माय.”

“माज्या शरीराला लागतं ते मला कळंना अन् तुला कळून राहिलं?”

मी हसलो. अडाणी बाई, तिला काय समजतंय, असं ते हसू होतं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी तिला समजावत राहिलो. शेवटी ती म्हणाली, “बरं बाबा. तू शिकलेला हाईस. बराबरच सांगत असशील.” आणि तिनं पहिली बाटली तोंडाला लावली.

माय दिलेला शब्द मोडणारी बाई नव्हती. ती पीत राहिली. दुपारी दोन वाजता मी ऑफिसातून फोन करायचो. “दोनची झाली का?” बायको सांगायची, “अर्धी झाली.” “मग दे तिला पुढची अर्धी.” टेबलाशेजारच्या सहकाऱ्यांना माझं कौतुक वाटायचं. आईकडे किती लक्ष आहे बघा, म्हणायचे. मलाही ते गोड वाटायचं.

दोन-तीन आठवड्यांत मायचं जेवण उतरलं. पोटात पाणीच इतकं असायचं की अर्ध्या भाकरीवर ती ताट सरकवायची. मळमळतं म्हणायची. डोकं जड झालंय म्हणायची. संडासला आणि मोरीला जाऊन जाऊन पाय दुखायला लागले. तिला सगळ्यात जास्त जवळून बघत होती माझी बायको. एका संध्याकाळी तिनं मला स्वयंपाकघरात थांबवलं.

“अहो, आत्याबाईंना ते पाणी सोसत नाही. कमी करा.”

“तू डॉक्टर आहेस का?” मी म्हणालो.

ती वळली आणि भाकरी थापायला लागली. सरांना मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

उलट दुसऱ्या दिवशी मैदानावर मी सरांना मायची लक्षणं सांगितली. मळमळ, डोकेदुखी, अशक्तपणा. सरांचा चेहरा उजळला. “उत्तम! शरीरातली घाण बाहेर पडतेय. आता सोडू नका. अर्धा लिटर आणखी वाढवा.” वाढवलं. मी पाचवी, छोटी बाटली आणली आणि तिच्यावर रात्री आठ असं लिहिलं.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी बायकोचा फोन आला. “लवकर या. आत्याबाई रस्त्यावर गेल्यात.” मी सायकलस्टँडवरून मोटारसायकल काढली आणि घरी पोचलो. माय गल्लीच्या तोंडाशी उभी होती. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. मेंढरांना बोलवायला ती जिभेनं एक आवाज काढायची, तसा आवाज ती रस्त्याकडे बघून काढत होती. आजूबाजूचे लोक दारात येऊन बघत होते. मी हाताला धरलं तर म्हणाली, “तुजा बाप अजून आला न्हाई. कळप धरणाकडं गेला व्हय?”

वडिलांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

घरी आणलं. बायकोनं पाय धुतले. माय तिच्याकडे बघून म्हणाली, “तू कोणाची गं, माय?” माझी बायको बावीस वर्षं तिची सून होती. ती उठून आत गेली.

नातेवाईक बघायला आले. कोणी म्हणालं, भरमली, डोक्यावर परिणाम झाला. कोणी म्हणालं, नवरा गेल्याचा धसका आता बाहेर पडला. कोणी म्हणालं, वयच झालं, आता असंच चालायचं. एकानंही विचारलं नाही की ही महिन्यापूर्वी कशी होती. म्हातारं माणूस बिघडलं की त्याला कारण शोधायची गरज नसते, असंच सगळे धरून चालतात. वय हेच कारण. आणि मी? मी त्या दोन दिवसांत तिला जास्त पाणी पाजलं. डोक्याला पाणी कमी पडलं असेल म्हणून. ती तोंड फिरवायची, ओठ घट्ट मिटायची, तरी मी मांडीवर डोकं घेऊन चमच्या-चमच्यानं पाजत होतो. पाजताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांना वाटलं, पोरगा किती करून राहिला आईचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला झटका आला. डोळे वर गेले, दात घट्ट बसले, हातपाय ताठ झाले. शेजाऱ्याच्या ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर वयानं लहान होती, पोरीसारखी. झटका थांबवायचं इंजेक्शन देऊन तिनं मला बाजूला घेतलं आणि एक-एक विचारायला लागली. गोळ्या कोणत्या? उलट्या झाल्या का? पडल्या होत्या का? जेवण कसं आहे? मग तिनं विचारलं, “पाणी किती पितात?”

खरं सांगतो, त्या अवस्थेतही माझी छाती थोडी पुढं आली. हा एक प्रश्न असा होता ज्याचं उत्तर मला पक्कं येत होतं. “साडेचार लिटर,” मी म्हणालो. “रोज. मी स्वतः मोजून देतो. मीठही अगदी कमी केलंय.”

तिनं लिहिणं थांबवलं. “हे तुम्हाला कोणी सांगितलं, काका?”

“सगळेच सांगतात की.”

तिनं नर्सला रक्त काढायला सांगितलं. अहवाल आला तेव्हा तिनं मला आणि बायकोला समोर बसवलं.

“रक्तातलं सोडियम खूप खाली गेलंय. सोप्या भाषेत, अंगातलं मीठ पातळ झालंय. बीपीच्या या गोळीनं ते लघवीवाटे जात होतं. तुम्ही जेवणातलं मीठ काढलं. त्यांचं जेवणही तुटलं. आणि वरून एवढं पाणी. या वयात, या गोळीवर, एवढं पाणी शरीराला बाहेर टाकता येत नाही. मग मेंदूला सूज येते. ती बडबड त्यामुळे आणि झटकाही त्यामुळेच.”

“म्हणजे वेड नाही?” बायकोनं विचारलं.

“नाही. वेळेवर आणलंत तुम्ही.”

“मग लगेच मीठ चढवा ना,” मी म्हणालो.

“तेही एकदम नाही करता येत. घाईनं वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. हळूहळू वाढवू आणि सारखं रक्त तपासू. तुम्ही फक्त थांबायचं. आणि पाणी आम्ही सांगू तेवढंच.”

बायको माझ्याकडे बघत होती. तिनं एक शब्द उच्चारला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं उच्चारला नाही.

त्या दोन दिवसांत मी दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्यांवर चिडून घेतलं. सरांवर. रोज सकाळी मोबाइलवर पाण्याचे फायदे पाठवणाऱ्यांवर. त्यात माझाही नंबर लागत होता, मी स्वतः ते पुढं पाठवत होतो. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर, ज्यानं चार-पाच वर्षांत एकदाही रक्त तपासलं नाही की ही गोळी काय करते ते सांगितलं नाही. ‘लघवी होईल’ एवढंच म्हणाला आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. पाण्याच्या एका आकड्यावर, जो मजुराला तोच, कारकुनाला तोच, तान्ह्या लेकराच्या आईला तोच आणि हृदयाच्या रोग्यालाही तोच सांगितला जातो. आमच्याकडच्या बायकांनी दोन-दोन मैलांवरून डोक्यावर पाणी वाहिलं. मायनं तर अख्खं आयुष्य पाणी कुठं मिळेल हे बघत काढलं. त्या बाईला पाणी कसं प्यावं हे मी शिकवायला निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायनं डोळे उघडले आणि बायकोला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. लग्नात नाव बदललं तरी माय तिला त्याच नावानं हाक मारायची. बायको तिच्या हातावर डोकं ठेवून रडली. मी पायथ्याशी उभा होतो. मग मायची नजर माझ्याकडे आली. ओठ कोरडे पडले होते.

“पाणी दे.”

दिवसभराचं पाणी नर्स मापून देत होती आणि त्या वेळचं देऊन झालं होतं. मी म्हणालो, “माय, आता नाही. तासाभरानं देतील.”

“एक घोट दे की.”

“डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, नुसती बघत राहिली. मग हळू म्हणाली, “नको म्हणत होते तवा पाजलंस. आता मागून राहिले तर देईनास.”

माझ्या आयुष्यात मला लोकांनी बरंच काही ऐकवलंय. साहेबांनी ऐकवलंय, वडिलांनी काठी घेऊन ऐकवलंय. याच्याएवढं काहीच लागलं नाही. बायकोनं पाण्यात कापूस बुडवून तिचे ओठ ओले केले. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

आठवड्यानं घरी सोडलं. डॉक्टरनं बीपीची गोळी बदलून दिली, जेवणात नेहमीचं मीठ ठेवायला सांगितलं. मी विचारलं, “मग यांनी पाणी किती प्यायचं? लिटरमध्ये सांगा.”

ती हसली नाही, पण तिला हसू येत होतं. “सगळ्यांना एकच आकडा नसतो, काका. तुम्हाला खडा झाला होता, तुम्ही जास्त प्या. उन्हात राबणाऱ्यानं जास्त प्यावं. हृदय, किडनी बिघडलेल्यांनी डॉक्टरांना विचारून. यांनी तहान लागेल तसं प्यावं. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते हे खरं आहे, तेव्हा उन्हाळ्यात लक्ष ठेवा, मधेमधे विचारा. पण लक्ष ठेवणं वेगळं आणि ओतणं वेगळं. थोड्या दिवसांनी रक्त तपासायला पुन्हा आणा.”

त्यानंतरच्या सोमवारी मी मैदानावर गेलो. सर गोलात बसून बोलत होते. विषय पाण्याचाच होता. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या आईचं काय झालं ते. बाटल्या, मळमळ, अर्धा लिटर आणखी वाढवा, रस्ता, झटका, सगळं. आवाज वाढत गेला, मला आवरलं नाही.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पाणी तांब्याच्या भांड्यातलं होतं की प्लास्टिकच्या बाटलीतलं?”

मी दोन पावलं पुढं आलो.

“कारण प्लास्टिकमधलं असेल तर...” सर पुढं बोलायला लागले.

“सर, माझी आई मरत होती,” मी म्हणालो.

“अपवाद असतात. पाण्यानं कधी कोणी मरत नसतं. तुम्ही भावनेच्या भरात आहात.”

दोघा-तिघांनी मला खाली बसायची खूण केली. एक जण म्हणाला, “जाऊ द्या हो, सरांचा हेतू वाईट नव्हता.” हेतू! हेतू माझाही वाईट नव्हता. हेतू चांगला असला म्हणून काय झालं? मायच्या मेंदूला सूज आली ती कोणाचा हेतू विचारून आली होती का? मी तिथून निघालो. मागं न बघता फाटकापर्यंत आलो, तेव्हा गटातल्या एक बाई भराभर चालत माझ्यामागं आल्या. त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं, पण सरांचं ऐकून बाईंनी ते दुप्पट केलं होतं. आठवडाभर पायांवर सूज होती.

“मी काय करू?” त्यांनी विचारलं.

“आजच डॉक्टरकडे न्या,” मी म्हणालो. “बाकी कोणाला विचारू नका. मलासुद्धा नका विचारू.”

त्यांनी नेलं. पुढं एकदा बाजारात भेटल्या, तेव्हा नवरा बरा आहे म्हणाल्या. सरांचा गट अजून भरतो. गर्दी वाढली आहे म्हणतात.

माय सुधारली. हाताला थोडा कंप राहिला. ते चार-पाच दिवस मात्र तिच्या आठवणीतून पुसून गेले ते गेलेच. “मी काय बोलत होते?” असं तिनं एकदोनदा विचारलं. रस्त्यावरचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. पण ती माझ्याकडे राहिली नाही. पंधरा दिवसांनी म्हणाली, “मी गावाकडं जाते. तितं कोणी मला मोजत न्हाई.” धाकट्या भावानं येऊन नेलं. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार होतो?

पावसाळा गेला. मी दर रविवारी गावी जायचो, तिच्याजवळ बसायचो. ती भावाच्या दोन शेळ्या सांभाळायची, नीट बोलायची, नीट जेवायची. हिंगोलीचा विषय काढला की शेळीला चारा टाकायला उठायची.

बायकोची माफी मी मागितली, पण फार उशिरा आणि फार वाईट पद्धतीनं. भांडी घासताना तिच्या पाठीमागं उभा राहून म्हणालो, “तू तेव्हा बरोबर बोलत होतीस.” ती म्हणाली, “मला माहीत आहे.” आणि नळ सोडला.

दिवाळीच्या आधी ती मला न सांगता गावी जाऊन आली. मायशी तिचं काय बोलणं झालं ते मला दोघींपैकी कोणीच सांगितलं नाही. दोन दिवसांनी भावाचा फोन आला की गावाशेजारच्या जवळा बाजारहून निघालेल्या बसमध्ये मायला बसवून दिलंय, उतरवून घ्या. मी स्टँडवर गेलो. माय पिशवी सांभाळत उतरली, पायरीवर माझा हात धरला आणि जमिनीवर पाय टेकताच सोडून दिला.

“तुज्या म्हणण्यावर न्हाई आले,” ती म्हणाली. “तिच्या म्हणण्यावर आले.”

“व्हय, माय,” मी म्हणालो आणि पिशवी उचलली.